लग्नपत्रिका, पास आणि पंधरा दिवसांचं दुकान

आमच्या मुतग्याहून सांबऱ्याचं, म्हणजे बेळगावचं, विमानतळ स्कूटीवर दहा मिनिटं. दुकान घेऊन आत पोचायला मला अडीच महिने लागले.

2022 मध्ये विमानतळ प्राधिकरणाने 'अवसर' नावाची योजना काढली. विमानतळावर शे-दोनशे चौरस फूट जागा बायकांच्या बचत गटांना आळीपाळीने द्यायची, एका गटाला पंधरा दिवस. पुढच्या वर्षी ही गोष्ट आमच्या कानावर आली ती ओक्कूटच्या बैठकीत. पंचायतीतल्या सगळ्या गटांच्या संघाला आमच्याकडे मराठी बायकासुद्धा ओक्कूटच म्हणतात. आम्ही अकरा जणी. पापड, शेवया, नाचणीचे लाडू, सांडगी मिरची. जाऊ म्हणाली, "विमानातली माणसं आपलं सांडगं कशाला घेतात गं?" पुढे सगळ्यात जास्त विक्री तिनेच केली, ते राहू दे.

खाण्याच्या मालाची नोंदणी अवघड जाईल असं वाटलं होतं. तसं काही नाही. तेव्हा, 2023 मध्ये, वर्षाची उलाढाल 12 लाखांच्या आत असेल तर साधी नोंदणी पुरायची, वर्षाला शंभर रुपये फी, अर्ज ऑनलाइन. चौदा आकडी नंबर मिळाला. मग लेबल: नाव, वजन, त्यात काय काय आहे, कधी केलं, कधीपर्यंत खावं, आणि हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका. पहिल्या खेपेला आम्ही पाचशे लेबलं छापून आणली आणि तारखेला जागाच सोडली नव्हती. ती लेबलं मुलांनी वह्यांना लावली.

अडकलं ते पासावर. विमानतळाच्या आत काम करायचं तर, झाडू मारणारी असो की दुकानात बसणारी, प्रवेश पास लागतो आणि त्याआधी पोलीस पडताळणी. माझे कागद परत आले. आधारवर माहेरचं नाव, तेही कानडी वळणाने लिहिलेलं. बँकेच्या पासबुकावर सासरचं. रेशन कार्डावर तिसरंच काहीतरी. सीमाभागातल्या बायकांना हे नवीन नाही. मराठीत सांगितलेलं नाव कानडीत टाइप होतं, तिथून इंग्रजीत जातं, आणि शेवटी जे उरतं ते आपलंच आहे म्हणून शपथेवर सांगावं लागतं.

"आधारवर सासरचं नाव करून आणा," असं एका टेबलावर सांगितलं. त्यासाठी लग्नाचा दाखला पाहिजे. माझं लग्न होऊन एकोणीस वर्षं झालेली, पण नोंद कुणी केली होती? उपनोंदणी कार्यालयात गेले तर लग्नपत्रिका, लग्नातला फोटो आणि तीन साक्षीदार मागितले. पत्रिका बहिणीच्या ट्रंकेत सापडली, हळदीचे डाग पडलेली. साक्षीला चुलत सासरे, माझा भाऊ आणि शेजारचे काका. काका सहीला बसताना म्हणाले, "लग्नाचं जेवण तर कवाच पचलं, आता सही घ्या म्हणावं." कार्यालयातला माणूसही हसला. दाखला मिळाला, आधार बदललं, मग पडताळणीचे कागद पुन्हा गेले आणि कुठल्यातरी फायलीत नऊ दिवस पडून राहिले. ते कुठे अडलेत हे कळायला तीन फेऱ्या आणि अर्धा दिवस रजा घेतलेला नवरा.

दिवाळीच्या आधी आमच्या गटाची पाळी आली. पहिल्याच दिवशी सुरी आत नेता येणार नाही म्हणून सांगितलं. लाडवाचा तुकडा करून चव दाखवायचा आमचा बेत तिथेच संपला. सगळं घरूनच लहान पुड्यांत बांधून न्यायला लागलो. तेही बरंच झालं, कारण विमानात हातातल्या बॅगेला सात किलोची मर्यादा. एक किलोचा पापड कुणी उचलत नाही, दोनशे ग्रॅमची पुडी सहज जाते. आणि प्रत्येक दुसरा माणूस विचारायचा, "कुंदा आहे का?" बेळगाव सोडणारा माणूस कुंद्याशिवाय, म्हणजे इथल्या दुधाच्या मिठाईशिवाय, जात नाही, हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही, गटात कुणी तो करत नव्हतं, एवढंच. चौथ्या दिवसापासून शेजारच्या गल्लीतल्या मावशीकडून करून घेतला.

गिऱ्हाईक दिवसभर नसतं. विमान असेल त्याच्या आधीचा तासभर झुंबड, मग शुकशुकाट. एका संध्याकाळचं विमान रद्द झालं, त्या दिवशी एकशे ऐंशी रुपयांची विक्री. तेव्हा माझ्या दिराचं बोलणं पटलं. 2017 च्या सप्टेंबरात नवीन टर्मिनल सुरू झालं, धावपट्टी लांब झाली, म्हणून त्याने कर्ज काढून टॅक्सी घेतली. 2018 मध्ये उडान या सरकारच्या स्वस्त विमानप्रवासाच्या योजनेतून हुबळीला विमानं मिळाली आणि बेळगावची काही विमानं तिकडे वळली. उडानमध्ये विमानातल्या साधारण निम्म्या जागा ठरलेल्या कमी भाड्यात आणि कंपनीची तूट सरकार भरतं. मग कंपनी बेळगावात कशाला थांबते? दीर वर्षभर शाळेची मुलं ने-आण करत होता. 2019 मध्ये योजनेच्या तिसऱ्या फेरीत बेळगावचं नाव आलं तेव्हा कुठे हप्ते सुरळीत झाले. तो म्हणतो ते हेच: इमारत कितीही चकचकीत असो, आमचं पोट विमानांच्या वेळापत्रकावर चालतं.

दुपारच्या शुकशुकाटात ट्रॉल्या गोळा करणारा एक मुलगा गप्पा मारायला यायचा. त्याच्या आजोबांची जमीन विमानतळात गेली होती. "पगार येतोय काकू, खरं कंत्राटदार बदलला की पास परत नवीन." म्हणजे पडताळणी परत, महिनाभर घरी. माझ्या अडीच महिन्यांचं कौतुक मी त्याच्यापुढे करणं बंद केलं.

पंधरा दिवसांत 41 हजारांची विक्री झाली. खर्च वजा जाता प्रत्येकीला सोळाशेच्या आसपास. एवढ्यासाठी अडीच महिने, असं सासूबाई म्हणाल्या आणि त्यांचं चूक नाही. पण तो चौदा आकडी नंबर आणि तारखेचं लेबल आता कायमचं आहे. बेळगावच्या खडेबाजारातला एक दुकानदार आधी सुटे पापड घ्यायला तयार नव्हता, आता महिन्याला वीस किलो घेतो. गटाच्या खात्यावर क्यूआरने पैसे आलेले बँकेला दिसतात, त्यामुळे पुढच्या कर्जाला साहेबांनी फार प्रश्न विचारले नाहीत.

शेवटच्या दिवशी पास परत करून बाहेर आले तर पुढच्या पाळीच्या गटातली एक बाई कागदांची पिशवी घेऊन चौकशीला उभी. खानापूरकडची, मातीची भांडी विकायला येणार होती. ती दर काय लावायचा ते विचारत होती. मी म्हटलं, "ते नंतर सांगते. आधारवर नाव कुठलं आहे तुमचं, माहेरचं की सासरचं?"