उकळत्या पाण्यातला सेन्सर : आमच्या गॅरेजची वाटचाल

गोव्यातल्या डिचोलीत आमचे गॅरेज सुरू झाले, ते दिवस खनिजवाहू ट्रकांचे होते. खाणीवरून मांडवीकाठच्या जेटीपर्यंत दिवसभर खेपा मारणाऱ्या ट्रकाचे इंजिन तापणे ही नित्याची बाब होती आणि तिचे निदान डोळ्यांनी व हातांनीच व्हायचे. रेडिएटर लाल धुळीने बुजलेला असायचा, नाहीतर वॉटर पंप गळत असायचा. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा बंद पडला तरी मालक महिनोन्महिने तशीच गाडी चालवत, कारण यांत्रिक इंधनपंपाच्या त्या डिझेल इंजिनाला काट्याशी काही देणेघेणे नव्हते.

सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. ट्रक दारोदार उभे राहिले आणि त्यांच्याबरोबर आमची उधारीही. पुढे २०१५ मध्ये काही काळ हालचाल दिसली, पण २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरवले, तेव्हा जे ट्रकांच्याच भरवशावर राहिले होते त्यांचे हाल आम्ही पाहिले. आम्ही तोपर्यंत पतसंस्थेचे कर्ज काढून गाडीच्या संगणकातले दोषांचे कोड वाचणारा एक स्कॅनर विकत घेतला होता आणि पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या, काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेल्या गाड्यांची कामे घेऊ लागलो होतो. स्कॅनर आला म्हणजे निदान आले, असा माझा तेव्हा समज होता. तो कसा उतरला, हे थोडे सविस्तर सांगावेसे वाटते.

एका पावसाळ्यात पेडण्याकडचे एक गृहस्थ आपली भाड्याची पेट्रोल गाडी घेऊन आले. इंजिनाचा दिवा पेटलेला, लिटरमागची सरासरी घसरलेली, आणि गरम गाडी बंद करून लगेच सुरू करायला गेले की बराच वेळ नुसता स्टार्टर फिरायचा व मग काळा धूर निघायचा. स्कॅनरवर पी ०१२८ हा कोड होता. इंजिन अपेक्षित वेळेत पुरेसे तापत नाही, एवढाच त्याचा अर्थ. दुसऱ्या एका गॅरेजात थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, बदलून झाला होता, तरी कोड परत आला होता. माझ्या स्कॅनरने कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचे, तापमान ५१ अंश दाखवले, तर रेडिएटरच्या वरच्या नळीला हात लावणे अशक्य होते. मी म्हटले, तापमानाचा सेन्सर गेला. नवा बसवला, कोड पुसला, पैसे घेतले. चौथ्या दिवशी गाडी पुन्हा दारात.

“दादा, तुम्ही म्हणालात म्हणून बदलला. काटा अजून तिथंच आहे,” एवढेच ते म्हणाले. आवाज चढवला असता तर बरे वाटले असते.

त्या रात्री गाडी ठेवून घेतली आणि सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वीच स्कॅनर जोडला. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत कूलंट आणि आत घेतली जाणारी हवा यांचे तापमान जवळपास सारखे असायला हवे. हवा २८ अंश दाखवत होती, कूलंट २१. सात अंशांचा फरक एरवी मी सोडून दिला असता. पावसाळ्यातल्या गोव्यात सकाळी २१ अंश कुठून येणार, हा साधा प्रश्नही मला पहिल्या वेळी पडला नव्हता.

हा सेन्सर म्हणजे तापमान वाढले की विजेला होणारा विरोध (रेझिस्टन्स) घटणारा थर्मिस्टर. आमच्याकडे नेहमी येणाऱ्या प्रकारात २० अंशांना साधारण २,५०० ओहम, ८० अंशांना ३२० च्या आसपास आणि उकळत्या पाण्यात १९० च्या जवळपास विरोध मिळतो. इंजिनाचा संगणक त्याला पाच व्होल्टचा पुरवठा देतो आणि परत दिसणाऱ्या व्होल्टेजवरून तापमान ठरवतो. मी काढलेला जुना सेन्सर चहाच्या पातेल्यात धरला, शेजारी थर्मामीटर ठेवला आणि मल्टिमीटरवर आकडे पाहिले. पाणी उकळले तेव्हा १८८ ओहम. सेन्सर ठणठणीत होता. चांगला भाग काढून तसाच दुसरा चांगला भाग बसवण्याचे पैसे मी घेतले होते.

मग सेन्सरला वायर जोडणारा कपलर काढला. संगणक आणि मुख्य वायर यांचा निवाडा सोपा आहे. कपलर मोकळा सोडला की स्कॅनरवर उणे ४० दिसले पाहिजे आणि त्याच्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडल्या की आकडा थेट १३०च्या वर गेला पाहिजे. उणे ४० बरोबर आले, पण पिना जोडल्यावर आकडा मध्येच अडकला. वाटेत कुठेतरी विरोध होता. भिंगातून पाहिले, तर अर्थिंगच्या पिनेवर आणि तिच्या वायरीच्या टोकावर हिरवा थर चढला होता, आणि कपलरमधले रबरी सील जागेवर नव्हते. थर्मोस्टॅट बदलताना ते पडले असावे व सांडलेले कूलंट आत गेले असावे. त्यात आपली खारी, दमट हवा. विरोध मोजला तर सुमारे साडेपाचशे ओहम भरला. गंमत अशी की थंड इंजिनात सेन्सरचा स्वतःचाच विरोध अठराशेच्या घरात असतो, त्यात हे साडेपाचशे फारसे डोळ्यांवर येत नाहीत. पण गरम इंजिनात तो अडीचशेवर उतरतो आणि तेव्हा हेच साडेपाचशे ८८ अंशांचे ५१ करून टाकतात. संगणकाला इंजिन अर्धवट थंड वाटते, म्हणून तो पेट्रोल वाढवतो. यातली खरी धोक्याची गोष्ट तर वेगळीच होती : इंजिन तापल्यावर पंखा सुरू होतच नव्हता. पर्यटक एसी बंद करत नाहीत आणि एसीबरोबर पंखा फिरतो, केवळ म्हणून ते इंजिन वाचले.

नवा कपलर, सोल्डरचा डाग देऊन त्यावर स्लीव्ह, एवढ्यावर काम भागले. सेन्सरचे पैसे मी परत केले. ते घेताना त्या गृहस्थांना संकोच वाटला. माझ्या पत्नीने, जी आमचे हिशेब पाहते, आग्रहाने ते त्यांच्या हातात दिले.

या प्रकरणानंतर आम्ही तपासणीचे शुल्क बिलात वेगळे लावू लागलो आणि खरे सांगायचे तर गिऱ्हाइके तुटली. “नुसते बघायचे पैसे?” हे वाक्य मी पुष्कळ वेळा ऐकले आहे. बदललेल्या भागाचे हजार रुपये माणूस कुरकुर न करता देतो, पण भाग बदलायची गरज नाही हे शोधून काढण्याचे तीनशे त्याला जड जातात. यात गिऱ्हाइकापेक्षा आम्हा गॅरेजवाल्यांचाच दोष अधिक. आम्हीच वर्षानुवर्षे तपासणी फुकट ठेवली आणि तिची भरपाई भागांतून केली. १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराची बीएस-सहा मानके लागू झाल्यावर मात्र नव्या गाड्यांत सेन्सर इतके वाढले आहेत की अंदाजाने भाग बदलत बसणे कोणालाच परवडत नाही, आणि तुटलेल्यांपैकी काही जण परत आले आहेत.

पेडण्याचे ते गृहस्थ आता चार गाड्यांचे मालक आहेत आणि चारही आमच्याकडे येतात. तापमानाची तक्रार असली की आम्ही सांगण्यापूर्वीच ते गाडी संध्याकाळी आणून ठेवतात. तो जुना सेन्सर आम्ही टाकला नाही. कामाला नवा मुलगा आला की पहिल्या आठवड्यात त्याच्या हाती तो सेन्सर, पातेले आणि मल्टिमीटर देतो, आणि दर दहा अंशांचे आकडे त्याला स्वतःच्या अक्षरात वहीत लिहायला लावतो. सध्याच्या मुलाने ६० अंशांना ६०० ओहम लिहिले आहेत, ते बरोबर आहेत. ९० च्या ओळीत मात्र पाणी घाईत तापवल्यामुळे त्याचा आकडा चुकला आहे, म्हणून उद्या सकाळी पातेले पुन्हा चुलीवर चढेल.