गाडी ठेकेदाराची, स्टॉपवर उभी माझी आई

ऑगस्ट 2023 मधला तो संप आठवतोय ना? मुंबईत बेस्टच्या भाड्याच्या बसगाड्यांवरचे ड्रायव्हर पगारवाढीसाठी काम बंद करून बसले होते. आईला गुडघे दाखवायला केईएम हॉस्पिटलला जायचं होतं, चेंबूरच्या स्टॉपवर ती तासभर उभी, हातात एक्स-रेची पिशवी, आणि दर पाच मिनिटांनी मला फोन, "अरे, एकही गाडी दिसत नाही रे." शेवटी टॅक्सी केली. ड्रायव्हर लोकांवर माझा राग तेव्हाही नव्हता, आजही नाही. रस्ता तोच, ट्रॅफिक तोच, आणि पगार बेस्टच्या स्वतःच्या ड्रायव्हरपेक्षा कितीतरी कमी, मग माणूस करणार काय?

राग आहे तो या गाड्यांचे वेट लीजचे करार ज्या पद्धतीने झाले त्याचा. वेट लीज म्हणजे गाडी ठेकेदाराची, ड्रायव्हर त्याचा, मेंटेनन्स त्याचा, आणि बेस्ट त्याला किलोमीटरमागे पैसे देणार. कागदावर स्वस्त पडतं. पण परवडेनासं झालं की ठेकेदार गाड्यांसकट निघून जातो, आणि हे आपल्याकडे एकदा नाही झालेलं. तेव्हा रस्त्यावर काढायला बेस्टकडे स्वतःच्या गाड्या असतात कुठे? 2019 मध्ये 3,337 स्वतःच्या गाड्या ठेवायच्या असं युनियनबरोबर ठरलं होतं, आज हजारही नाहीत.

सिंगापूरने 2016 पासून उलटं केलंय, गाड्या आणि डेपो सरकारचे, कंपन्या फक्त चालवण्यासाठी टेंडर भरतात, त्यामुळे कंपनी बदलली तरी गाडी जागेवरच. लंडनमध्येही रूटची टेंडरं निघतात, पण जिथे बस दर थोड्या मिनिटांनी असते तिथे पॅसेंजरला ठरल्यापेक्षा किती जास्त ताटकळावं लागलं ते मोजतात आणि त्यावर ठेकेदाराचे पैसे वाढतात नाहीतर कापले जातात. हे मला फार पटलं, कारण तीन गाड्या एकामागोमाग आल्या आणि मग अर्धा तास काहीच नाही, तरी किलोमीटर भरतातच की!

मे 2025 मध्ये किमान तिकीट 5 चं 10 झालं, एसीचं 6 चं 12. आई म्हणते, "दहा घ्या बाबांनो, पण गाडी सोडा." पुढचं टेंडर काढाल तेव्हा गाड्या बेस्टच्या नावावर ठेवा, ड्रायव्हरचा पगार करारातच लिहा, स्टॉपवरचा खोळंबा मोजून बिलातून कापा, आणि तो अख्खा करार मराठीत वेबसाइटवर टाका, मी बसून वाचीन.