मसाल्याच्या बागेत ऊन नव्हतं

पोरांच्या शाळांना सुट्ट्या लागतात त्या नेमक्या पाय भाजायच्या दिवसांत, त्यामुळे मुहूर्त बघायला वाव नव्हता. ऐन मे महिन्यात आम्ही परभणीकर मंडळी आत्याला सोबत घेऊन गोव्यात फोंड्याकडच्या मसाल्याच्या बागा बघायला गेलो. आमच्याकडं पारा 42–43 वर जातो, तिकडं 33–34. या आकड्यांना कुणी भुलू नये. आमचं ऊन कोरडं असतं, घाम आल्याचं कळायच्या आत वाळून जातो. डोक्याला पंचा गुंडाळला की बाजार करून येता येतं. तिकडची हवा आधीच पाण्यानं भरलेली, तिला तुमच्या घामाची गरज नसते. मग तो अंगावरच मुक्काम करतो. कूलरसुद्धा तिथं नुसता आवाज करतो.

बागेत शिरलो आणि सावलीनं गप्प केलं. गोव्यात अशा बागेला कुळागर म्हणतात. वर उंच सुपारी, सुपारीला बिलगून चढलेला मिऱ्याचा वेल, मधल्या उंचीवर जायफळ आणि फणस, खाली केळी, अगदी बुडाशी अननस आणि वेलची. एकाच गुंठ्यात चार मजले! पाटातून पाणी खळखळत होतं आणि तिकडं कुणाचं लक्षही नव्हतं. 2016 साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते बघितलेल्या आमच्या मुलखातल्या माणसाला असा पाट बघितला की आधी त्याचं तोंड बंद करावंसं वाटतं.

माझी अपेक्षा अशी, की बागेत पाऊल टाकताच मसाल्याचा घमघमाट येईल. आला तो ओल्या पाचोळ्याचा वास. आत्यानं वाटेतलं प्रत्येक झाड नाकाशी धरून पाहिलं आणि शेवटी मला म्हणाली, "कामून रे, कशालाच वास न्हाई?"

वाटाड्या मुलगा हसला. त्यानं दालचिनीचं पान चुरगळून दिलं, तेव्हा कुठं थोडी ओळख पटली. साल मात्र आता निघायची नाही म्हणाला. पावसाळ्यात झाडात रस चढतो, तेव्हाच ती सुटते. मिरीची तोडणी कधीच उरकली होती. नवा मोहोर पाऊस पडल्यावर. म्हणजे आम्ही मसाल्याच्या घरी गेलो ते नेमके तो घरी नसताना. जायफळानं तेवढी लाज राखली. पिवळं फळ मधोमध उकललेलं आणि आतल्या बीवर लालभडक जाळी. ती जायपत्री, हे आत्याला पटेचना. तिच्या डब्यातली पिवळट तपकिरी असते. वाळताना लाल रंग उडतो म्हणे.

तिथून पुढं मी एकच गोष्ट ऐकत होतो. हिरवी मिरी उन्हात वाळते तेव्हा काळी होते, तीन किलो ओलीची साधारण एक किलो. लवंग म्हणजे न उमललेली कळी. तीही उन्हात पडली की तपकिरी, कडक होते. व्हॅनिलाच्या हिरव्या शेंगेला तर वासच नसतो. उष्णता, ऊब आणि वाळवण यांतून ती महिनोन्‌महिने जाते, तेव्हा कुठं घमघमते. एक वेलची तेवढी भट्टीत वाळवतात, तिचा हिरवा रंग टिकावा म्हणून. सावलीत पिकतं ते कच्चं सामान. मसाला व्हायला ऊनच लागतं, आणि त्या मालाची आपल्याला काय कमी!

याच मे महिन्यात आमच्या गल्लीत गच्च्यागच्च्यांवर मिरच्या, धने पसरलेले असतात. मसाला कुटायच्या डंकासमोर बायकांची रांग, दगडफूल-नागकेशर भाजल्याचा खाट, रस्त्यानं जाणारा शिंकतच पुढं सरकतो. नाकानं निकाल द्यायचा तर मसाल्याची बाग परभणीत आहे.

निघताना त्या मुलानं पळीभर गार पाणी सगळ्यांच्या मानेवरून पाठीवर ओतलं. तिथली रीतच आहे. आत्या मात्र, "पाणी कामून सांडतोस बाबा," म्हणून बाजूला झाली. दुकानातली तयार मसाल्याची पाकिटं तिनं हातातसुद्धा घेतली नाहीत. अख्खी जायपत्री घेतली, तीही घासाघीस करून.

"तुमच्याकडे काय पिकतं, मावशी?" मुलानं पैसे मोजता मोजता विचारलं.

"हळद. शेजारच्या वसमतची. त्या गावचीच म्हणून सरकारचा जीआय शिक्का हाय तिला," आत्या म्हणाली. "एप्रिलात ये. बागबीग न्हाई दाखवायला, पण शिजवलेली हळद पसरलेली दावते, अन्‌ मोंढ्यातला बाजार."

"एप्रिलात? ऊन किती असेल तिथं!"

"मग हळद काय सावलीत वाळती व्हय?"