रस्ता पाण्याखाली होता

एका क्राइम मालिकेचा चौथा एपिसोड लिहायला माझ्याकडे होता. खून रात्री अकराला, बाराला खुनी गाडीत बसून परतीच्या वाटेवर, एकला शहरातल्या सीसीटीव्हीत. टेबलावर बसून लिहिलं की सगळं असं चोख जमतं. जागेबद्दल मी एवढंच लिहिलं होतं: 'बाह्य, बेटावरचं घर, रात्र.'

रेकीला, म्हणजे शूटिंगची जागा बघायला, गेलो. बेट म्हणजे किनाऱ्यापासून किलोमीटरभर आत असलेला खडक, वर एक रिकामं घर आणि मध्ये दगडी फरशीचा रस्ता. सकाळी दहाला चालत गेलो तेव्हा बूटसुद्धा ओले झाले नाहीत. कॅमेरामन खिडक्यांच्या प्रेमात पडला (तो दर रेकीला पडतो). अडीचला निघालो तर रस्ता नव्हता. म्हणजे होता, पाण्याखाली.

"आता आठशिवाय नाही," राखणदार शांतपणे म्हणाला. भरती पाचला पूर्ण. तिच्या आधी तीन तास आणि नंतर तीन तास रस्ता बंद. रोज दोनदा.

पहिला तास आम्ही एकमेकांवर चिडण्यात घालवला. मग दिग्दर्शकाने विचारलं, "तुझा खुनी बाराला इथून निघाला कसा?"

मी गप्प. माझा अख्खा एपिसोड त्या पाण्यात गेला होता.

मला 'द ब्रिज' आठवली. 2011 सालची ही मालिका सुरू होते ती डेन्मार्क आणि स्वीडनला जोडणाऱ्या पुलावर, बरोब्बर सरहद्दीवर सापडलेल्या प्रेतापासून. प्रेत चार हात इकडे असतं तर तपास एकाच देशाचा झाला असता आणि गोष्टच उरली नसती. पुढे तिची रूपांतरं झाली, तेव्हा एकीने अमेरिका-मेक्सिकोची सरहद्द घेतली, दुसरीने ब्रिटन आणि फ्रान्समधला समुद्राखालचा बोगदा. आणि मी मात्र बेट निवडलं होतं ते दिसायला छान म्हणून.

मग राखणदारालाच प्रश्न विचारत बसलो. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, चंद्र उशिरा उगवतो तशीच. तिथे गाठ सुटली. खुनी मंगळवारी रंगीत तालीम करून जातो. त्या दिवशी भरती साडेआठची, त्यामुळे बाराला रस्ता मोकळा. शुक्रवारी तो त्याच वेळा धरून येतो, पण भरती आता अकराला आहे. दोनपर्यंत सुटका नाही. नऊला बेटावर असलेला प्रत्येक जण दोनला तिथेच असणार. सीसीटीव्ही, पाठलाग, एक आख्खा इन्स्पेक्टर, सगळं काढून टाकलं. इन्स्पेक्टरचं थोडं वाईट वाटलं.

आठला परत निघालो तेव्हा साउंडवाल्याचा फोन आला. लाटांचा आवाज ऐकवला, तर म्हणाला की इथे लांब संवाद मिळणार नाहीत, डबिंग करावं लागेल. म्हणून किनाऱ्यावरची चार पानांची चौकशी तीन वाक्यांवर आली. बाकी वेळ दोघं नुसते पाण्याकडे बघतात.

खरा त्रास शूटिंगला झाला. एकाच रात्रीचा प्रसंग तीन रात्री चित्रित करायचा, म्हणजे पाण्याची रेघ दर रात्री वेगळी. कंटिन्युइटी (एका शॉटचं दुसऱ्याशी जुळतं का ते) बघणारी मुलगी खडकावर खडूने खुणा करायची आणि पाणी त्या पुसायचं. शेवटी कॉल शीटवर, म्हणजे शूटिंगच्या रोजच्या वेळापत्रकावर, सगळ्यात वर, कलाकारांच्याही आधी, भरतीची वेळ छापायला लागलो. तरी तिसऱ्या दिवशी निर्मात्याने गाडी रस्त्यावर घातलीच. स्क्रिप्ट त्याने वाचली होती म्हणे.