रिळांबरोबर विखुरलेल्या प्रतीही गेल्या

चित्रपटगृहांतून ३५ मिलिमीटरची रिळे नाहीशी झाल्याची हळहळ व्यक्त होते, तेव्हा बोलणे बहुधा पडद्यावरच्या प्रतिमेविषयी असते: फिल्मचे जिवंत कण, रंगांचा मऊपणा, रीळ बदलण्याआधी उजव्या कोपऱ्यात चमकून जाणारा ठिपका. मलाही हे सारे प्रिय आहे. पण मला अधिक काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. प्रिंट्स, म्हणजे फिल्मवर छापलेल्या प्रती, होत्या तोवर एकाच चित्रपटाच्या अनेक प्रती जगभर विखुरलेल्या असत, आणि त्या विखुरण्यामुळेच कित्येक चित्रपट वाचले.

'मेट्रोपोलिस' हा फ्रिट्झ लांग यांचा जर्मन मूकपट १९२७ मध्ये प्रदर्शित झाला आणि लगेचच कापला गेला. त्याचा मूळ लांबीचा अवतार कायमचा हरवला असे मानले जात असताना, २००८ मध्ये ब्यूनोस आयर्सच्या चित्रपट संग्रहालयात १६ मिलिमीटरची एक ओरखड्यांनी भरलेली प्रत सापडली. फार पूर्वी अर्जेंटिनात गेलेल्या एका प्रिंटवरून ती उतरवलेली होती, आणि तिच्यामुळे सुमारे २५ मिनिटांचा भाग परत मिळाला.

आता असे घडण्याची वाटच उरलेली नाही. चित्रपटगृहांत येणारी डिजिटल प्रत बहुधा कुलूपबंद असते. ती उघडणारी सांकेतिक किल्ली ठरावीक यंत्रासाठी आणि ठरावीक मुदतीपुरतीच असते, आणि खेळ संपले की सर्व्हरवरून फाइल पुसून टाकली जाते. एखादी डिस्क चुकून कपाटात राहिली, तरी किल्लीवाचून तिचा उपयोग नाही. प्रिंट मात्र नुसती उजेडासमोर धरली तरी दिसते.

दोन तासांच्या चित्रपटाच्या एका प्रतीला जवळजवळ ११,००० फूट फिल्म लागते, त्यामुळे खर्च वाचवू पाहणाऱ्या वितरकांना मी दोष देणार नाही. प्रिंट्सही अमर नव्हत्या. रंग उडून त्या लाल पडत, ॲसिटेट फिल्मला व्हिनेगरसारखा वास सुटे. परंतु ऑस्कर पुरस्कार देणाऱ्या अकादमीच्याच २००७ च्या अहवालानुसार, चित्रपटाची मूळ प्रत फोर-के (अतिशय बारीक तपशील टिपणाऱ्या) डिजिटल स्वरूपात सांभाळण्याचा वार्षिक खर्च फिल्मच्या ११ पटींहून अधिक होता. म्हणून माझी मागणी एवढीच आहे, की डिजिटल प्रदर्शनाबरोबरच प्रत्येक चित्रपटाच्या पॉलिएस्टर या टिकाऊ प्लास्टिकच्या फिल्मवर दोन-तीन प्रिंट्स काढाव्यात आणि त्या वेगवेगळ्या देशांतील चित्रपट-संग्रहालयांच्या थंड, कोरड्या कोठारांत ठेवाव्यात.