रिकामा फिल्टर

अंबड तालुक्यातल्या त्या मोसंबीच्या बागेतून फोन आला तेव्हा एप्रिल लागला होता. आंबे बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुललेली, फळं लिंबाएवढी झालेली आणि गळ सुरू. "ठिबक चालू आहे, पण झाडाला पाणी पोचत नाही," एवढंच काका बोलले. ठिबकच्या दुरुस्तीवर फिरणाऱ्याला अशा फोनचं नवल नसतं. गाळ, शेवाळ नाहीतर क्षार, तिघांपैकी एक निघतंच.

मी आधी फिल्टरच्या दोन्ही बाजूंचे प्रेशर गेज बघतो. पाणी आत जाताना आणि बाहेर पडताना दाबात थोडा फरक असतोच. तो अर्ध्या किलोच्या वर गेला की फिल्टर धुवायचा. इथं दोन्ही काटे अगदी एकाच आकड्यावर. मला ते खटकलं. चालू फिल्टर दाब थोडा तरी खातोच. मोटर बंद केली, क्लॅम्प सोडला, झाकण उचललं. आत पाणी गाळणाऱ्या, एकावर एक बसणाऱ्या खाचांच्या प्लास्टिक चकत्याच नव्हत्या. नुसता मधला दांडा उभा.

"काका, चकत्या कुठंयत?"

"धुऊन बाजूला ठेवल्यात. नव्या सांगितल्यात दुकानात, आल्या न्हाईत अजून."

"धुतल्या तर परत का नाही बसवल्या?"

"आवो, कागदात बदला म्हणलंय ना."

मोटरीच्या खोलीत खिळ्याला प्लास्टिकच्या पिशवीत कंपनीचं माहितीपत्रक टांगलेलं होतं. ते काढून त्यांनी बोट ठेवलं: 'चकत्या बाहेर काढा, स्वच्छ पाण्याने धुवा आणि बदला.' मागच्या बाजूला इंग्रजी मजकूर होता, तिथं 'रिप्लेस'. हा शब्द इंग्रजीत काढलेली वस्तू जागेवर परत ठेवण्यालाही चालतो आणि जुनी टाकून नवी घालण्यालाही. त्याच पानावर खाली 'रबरी सील तडकलं असेल तर बदला' असं होतं, तिथं ते बरोबरच. वॉरंटीत 'सदोष भाग बदलून दिला जाईल', तेही बरोबर. पण चकत्यांच्या ओळीत त्याचा अर्थ होता 'पुन्हा बसवा'. मराठी करणाऱ्यानं तिन्ही ठिकाणी एकच शब्द ठेवून दिला. फिल्टर एकदा हातात घेऊन धुतला असता तरी त्याला कळलं असतं. चांगल्या चकत्या वर्षानुवर्षं चालतात, धुवायच्या मात्र सारख्या लागतात.

ही एकच कंपनी नाही. एका खताच्या पत्रकात मी 'युरियाला विद्राव्य खताने बदला' वाचलंय. युरियाऐवजी विद्राव्य खत सोडा, इतकं साधं लिहायला काय जातं? कोणतं बंद करायचं आणि कोणतं चालू करायचं, हे वाचणाऱ्याला त्या वाक्यातून कसं कळावं?

नव्या चकत्या येईपर्यंत काकांनी पाणी बंद ठेवलं नाही. एप्रिलच्या उन्हात कोण ठेवेल? २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा कशा वाळल्या, टँकरच्या पाण्यावर लोकांनी झाडं कशी धरून ठेवली, हे त्यांनी स्वतः बघितलेलं. शेततळ्याचं शेवाळलेलं पाणी रिकाम्या फिल्टरमधून सरळ नळ्यांत गेलं. ठिबक बसवलं तेव्हा विहिरीचं पाणी होतं, शेततळं नंतर झालं. तेव्हाच वाळूचा फिल्टर जोडायला हवा होता. पण आमच्या धंद्यात गिऱ्हाईक बिचकू नये म्हणून सगळ्यात आधी तोच कोटेशनमधून गळतो.

सबमेनचा, म्हणजे बागेत पाणी वाटणाऱ्या जाड पाइपचा, फ्लश व्हॉल्व्ह उघडला तर काळं पाणी, मग मातकट. लॅटरलची, म्हणजे झाडांच्या ओळीतल्या बारीक नळ्यांची, टोकं सगळी एकदम सोडायची नसतात, दाब पडतो आणि गाळ जागचा हलत नाही. चार-पाच नळ्या उघडायच्या, पाणी निवळलं की बंद करून पुढच्या. शेवाळासाठी क्लोरीन सोडून रात्रभर ठेवलं. ॲसिडचा डबा मी गाडीतून काढलाच नाही. ॲसिड क्षारावर चालतं, मातीच्या गाळावर नाही, आणि क्लोरीनबरोबर चुकून मिसळलं तर विषारी वायू होतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा फ्लश केलं. निम्म्याहून जास्त ओळी सुटल्या. बाकीच्यांत इनलाइन ड्रीपर. ते नळीच्या आतच असतात, उघडून साफ करता येत नाहीत. त्या नळ्या नव्याच घ्याव्या लागणार.

त्याच जुन्या चकत्या एकेक उजेडात धरून बघितल्या. खाचा शाबूत होत्या, एकही झिजलेली नव्हती. तशाच बसवल्या. पत्रकावरचं 'बदला' मार्करनं खोडून वर लिहिलं: 'त्याच चकत्या पुन्हा बसवा.'

विक्रेत्याला फोनवर सगळं सांगितलं. "शेतकरी वाचत नाहीत हो," त्यांचं ठरलेलं वाक्य. मला राग आला तो इथं. या माणसानं वाचलं, पिशवीत घालून जपलं, लिहिलंय तसं केलं. न वाचणाऱ्या शेजाऱ्यानं चकत्या धुऊन तिथल्या तिथं घातल्या असत्या आणि त्याची बाग आज ठीक असती.

नळ्यांच्या दाव्यासाठी सर्व्हिस रिपोर्टवर कारण लिहावं लागतं. दुकानातून निरोप होता, 'वापरकर्त्याची चूक' लिहा. तसं लिहिलं की कंपनी मोकळी, आणि नळ्यांचा खर्च काकांच्या खिशातून. मी लिहिलं: 'माहितीपत्रकातील मराठी सूचना चुकीची.' पत्रकाचे दोन्ही बाजूंचे फोटो जोडले. रिपोर्ट दुरुस्त करून परत पाठवा, असा मेसेज आलाय. मी तो तसाच ठेवणार आहे. झाडावरून गळलेल्या फळांचा रकाना त्या फॉर्मवर नाहीच, आणि काकांनी तेच आधी विचारलं होतं.