साडेबाराचा सूर्य

मे महिन्याच्या सहा तारखेला दुपारी गच्चीवर कुरडयांची राखण करण्याचे काम माझ्याकडे आले होते. कावळे हाकलण्यापलीकडे त्यात डोके लागत नाही, म्हणून मी छत्री उघडून बसलो आणि समोर पाहत राहिलो. समोर कपड्यांच्या दोरीसाठी उभा केलेला सहा फुटी लोखंडी पाइप आहे. त्याची सकाळी थेट पाण्याच्या टाकीपर्यंत जाणारी सावली आखडत आखडत बुडाशी आली आणि साडेबाराच्या सुमारास पाइपातच शिरावी तशी नाहीशी झाली. बुडाशी ओतलेल्या सिमेंटच्या गोळ्यावर चारही बाजूंना सारखेच ऊन होते. चार मिनिटे गेली आणि पूर्वेच्या अंगाला सावलीचा जेमतेम दोन बोटांचा कोंब फुटला.

शून्य सावलीचा दिवस हल्ली सर्वांना ठाऊक असतो. पाण्याच्या बाटल्या उन्हात उभ्या करून काढलेली छायाचित्रे दर वर्षी येतातच. कोल्हापूर विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे 16.7 अंशांवर आहे, आणि उत्तरायणात वर सरकणारा सूर्य मेच्या पहिल्या आठवड्यात या अक्षांशावर पोहोचतो. पुढे 21 जूनला तो साडेतेवीस अंशांपर्यंत जाऊन मागे वळतो आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा आपल्या डोक्यावरून जातो. मधले तीन महिने तो दुपारीसुद्धा आपल्या उत्तरेलाच असतो आणि सावल्या दक्षिणेकडे पडतात. दिल्लीकरांच्या तर नेमका डोक्यावर तो जन्मात येत नाही, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्याही पलीकडे आहे.

माझे दुखणे मात्र सावलीचे नसून वेळेचे आहे, आणि ते पाचवीपासूनचे आहे. वार्षिक परीक्षेत ‘सूर्य दुपारी ____ वाजता डोक्यावर येतो’ अशी रिकामी जागा होती. मी ‘साडेबारा’ लिहिले आणि त्यावर लाल फुली आली. मी गुरुजींकडे दाद मागायला गेलो, तेव्हा त्यांनी पुस्तकाचे पान उघडून ‘बारा’ या शब्दावर बोट ठेवले. माझ्या उत्तराचे तिथेच बारा वाजले.

माझ्याकडे पुस्तक नव्हते, पण आड होता. मंगळवार पेठेतल्या आमच्या वाड्याच्या परसात तो अरुंद, खोल आड होता आणि वर्षातले बहुतेक दिवस त्याच्या तळाशी काळोखच असे. एप्रिल सरता सरता मात्र ऊन दुपारी दगडी कड्यांवरून खाली उतरू लागे आणि मेमध्ये एके दिवशी सूर्य थेट पाण्यात, मधोमध दिसे. सकाळची शाळा सुटल्यावर मी काठावर ओणवा होऊन त्याची वाट पाही. पाणी हलले की त्याचे तुकडे होत आणि पोहरा न सोडता पाहत राहिले की ते पुन्हा जुळत. आजीची हाक ठरलेली असे, ‘उन्हात काय करालायस रं? सूर्यनारायण आडात उतरला, आता जेवायला ये.’ तिचे जेवणाचे घड्याळ तेच होते. मी आत धावत जाऊन सोप्यातले लंबकाचे घड्याळ पाही, तर तिथे नेमके साडेबारा झालेले असत.

कारण पुढे कॉलेजात कळले. आपली घड्याळे मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्ताची वेळ दाखवतात आणि कोल्हापूर तिथून सव्वाआठ अंश पश्चिमेला आहे. एका अंशामागे चार मिनिटे धरली तर तेहेतीस मिनिटांचा उशीर होतो. शिवाय पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेला असल्यामुळे सूर्य स्वतःही थोडा मागेपुढे होतो. मेमध्ये तो तीन मिनिटे लवकर येतो, म्हणून साडेबारा. नोव्हेंबरच्या आरंभी माध्यान्ह सव्वाबाराच्या सुमारास होते, तर फेब्रुवारीत पाऊण वाजून जातो. बाराच्या ठोक्याला ती कोल्हापुरात एकदाही होत नाही. तो अर्धा गुण मला अजून मिळालेला नाही, ही बाब मी येथे केवळ नोंदीसाठी लिहितो.

घड्याळ न विचारता सूर्याशी व्यवहार करणारी माणसे या गावात फार जुनी आहेत. अंबाबाईच्या किरणोत्सवाला 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी आणि 9 ते 11 नोव्हेंबर या दिवसांत मावळतीचे किरण महाद्वारातून गाभाऱ्यात शिरतात आणि पावलांपासून वर सरकतात. मधल्या इमारती आणि ढग यांनी वाट दिली, तर ते मुखापर्यंत पोहोचतात. त्या दिवसांत सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे सतरा अंशांवर असतो, म्हणजे कोल्हापूर उत्तरेला जितके, जवळजवळ तितकाच. खिद्रापूरच्या कोपेश्वराचा स्वर्गमंडपही या हिशेबात बसतो. त्याच्या छताला गोल झरोका आहे आणि कार्तिक पौर्णिमेच्या मध्यरात्री चंद्र त्यावर येतो. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर असतो, म्हणून सूर्य दक्षिणेला झुकलेला असताना चंद्र साधारण तितकाच उत्तरेला चढतो आणि आपल्या माथ्याजवळ येतो. या सतरा अंशांचा मला इतका नाद लागला आहे की पाहुण्यांना रंकाळा दाखवायला नेले तरी मी हेच सांगतो, आणि पाहुणे भेळेच्या गाडीकडे पाहत राहतात.

खरी गंमत शाळेच्या वेळापत्रकात आहे. मेमध्ये सूर्य डोक्यावर येतो तेव्हा शाळांना सुट्टी असते आणि पटांगणात काठी रोवायला कोणी नसते. ऑगस्टमध्ये तो परत येतो तेव्हा वर्ग भरलेले असतात, पण पंचगंगा पात्राबाहेर आलेली असते आणि सूर्याचा पत्ता नसतो. यंदाही ऑगस्टमध्ये सहा तारखेच्या सुमारास मी पाइपाकडे पाहीन, दुपारी बारा वाजून एकोणचाळीस मिनिटांनी, बहुधा हीच छत्री घेऊन.

कुरडया दोन कमी भरल्या आहेत.